चाळिसावा आठवडा

"पहिल्या खरेदीदाराची सही राहिली आहे," फोनवरची मुलगी म्हणाली. मी ओट्यापाशी उभी होते, हातात अर्धवट सोललेलं अंडं. मी म्हटलं, "ते बाहेर गेलेत. आले की सांगते," आणि फोन ठेवला. अंडं पुरतं सोललं, त्याचे दोन भाग केले, वर मीठ भुरभुरलं, बशी वन्संच्या पुढ्यात ठेवली. मग हात थांबले. यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

वन्सं माझ्या कानाकडे बघत होत्या. हल्ली त्यांना माणसाचा चेहरा बघायचा असला की कानाकडे बघावं लागतं, कारण जिथे नजर रोखावी तेवढाच तुकडा त्यांना दिसत नाही. जग कडेकडेने शिल्लक आहे, मधून विरत चाललं आहे, जुन्या चादरीसारखं. "कोणाचा फोन?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तळ्याकाठचा आठवडा विकत घेत होतो, त्या कागदांचा. पहिल्या चौकटीत मी यांचं नाव लिहिलं होतं, दुसरीत माझं, आणि सही फक्त माझी. "आणि तू काय म्हणालीस?" मी म्हटलं, "बाहेर गेलेत म्हणाले." वन्संनी अंड्याचा घास गिळला आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मग खोटं कुठे बोललीस, वहिनी? दादा बाहेरच गेलाय." मीही हसले. हसता हसता टेबलाची कड धरून खाली बसले. एकतीस वर्षं मी वाहन नोंदणीच्या ऑफिसात नाव बदलायच्या खिडकीवर बसले. इकडे विकणाऱ्याचं नाव, तिकडे घेणाऱ्याचं. हजारो माणसांचे अर्ज मी उलटून तपासले, चुकलेल्या ओळीवर लाल पेन्सिलीने गोल केला आणि खिडकीतून परत सरकवला. एकदा एका बाईने घेणाऱ्याच्या जागी मेलेल्या नवऱ्याचं नाव घातलं होतं, आणि मी तिला म्हणाले होते, "वाचता येतं ना तुम्हाला?" त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही. तिच्या हातातली कापडी पिशवी आठवते, निळी, एक बंद तुटून गाठ मारलेली. ती अर्ज घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, आणि तिची पाळी पुन्हा येईपर्यंत माझी जेवायची सुट्टी झाली.

आठवडा विकत घ्यायचा म्हणजे काय, हे मला आता कोणालाही समजावून सांगता येतं, इतक्या वेळा मी ते दलाल बाईकडून ऐकलं आहे. तळ्याकाठी एक इमारत आहे. तिच्यातली प्रत्येक खोली बावन्न मालकांची, प्रत्येकाचा वर्षातला एकेक आठवडा. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचा चाळिसावा आठवडा एका निवृत्त माणसाला विकायचा होता. तो जन्मभर जहाजावर इंजिनाच्या खोलीत होता, त्यामुळे फोनवर अजूनही इंजिन चालू असल्यासारखा ओरडून बोलतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, मी सहा महिने समुद्र बघून घरी यायचो आणि बायको मला सुट्टीला तळ्यावर न्यायची! आता तीच म्हणते, पाणी पुरे झालं!" आमचं दोघांचं ठरलं, करार झाला, पण तेवढ्याने आठवडा आपला होत नाही. इमारत चालवणाऱ्या कंपनीचा पहिला हक्क असतो. तिला तीस दिवस द्यायचे. तिला वाटलं तर तोच आठवडा त्याच अटींवर ती स्वतः घेते, आणि आपण उठून घरी यायचं. ती नको म्हणाली तर खरेदीखत, मग नोंदणी, मग कंपनीच्या वहीत नाव चढायचं, त्याला आणखी सहा-आठ आठवडे. नाव चढल्याशिवाय खोलीची किल्ली नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मे महिन्यात मी बोटांवर दिवस मोजले होते. सगळं सुरळीत झालं तर चाळिसावा आठवडा उजाडायच्या दहा दिवस आधी नाव चढणार होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वन्संना सांगितलं होतं की हिवाळ्यापर्यंत कडा राहतील, पुढचं सांगता येत नाही. तळं हे कडेने बघण्यासारखंच असतं, असं मी माझ्या मनाशी म्हटलं होतं.

आणि आता दलाल बाईच्या ऑफिसातली ती मुलगी सांगत होती की कागद परत येतील, नवे भरावे लागतील, आणि कंपनीचे तीस दिवस पहिल्यापासून सुरू होतील. मी लिहिलेल्या एका ओळीने एक महिना गेला. अर्ज भरताना मी काय विचार करत होते ते आठवून बघते तर काहीच नाही. विचार न करता भरला, म्हणूनच तर. लग्न झाल्यापासून घरातला प्रत्येक अर्ज मी भरला. गॅसचा, फोनचा, यांच्या कंपनीचा, दवाखान्याचा. यांचं अक्षर म्हणजे लिफ्टच्या तारांचा गुंता. हे लिफ्ट दुरुस्त करायचे. उंचच्या उंच इमारतींच्या पोटात दिव्याच्या उजेडात उभे राहून नटबोल्ट आवळायचे, पण पेन हातात दिलं की बोटं लाकडाची. "तू लिही, मी सही करतो," म्हणायचे. मी वर यांचं नाव लिहायचे, खाली माझं, आणि कागद यांच्या पुढ्यात सरकवायचे. या वेळीही मी लिहून झाल्यावर कागद टेबलावर पलीकडे सरकवला होता. हे मला नंतर आठवलं. पलीकडे वन्सं बसल्या होत्या, त्यांना वाटलं मी टेबल पुसते आहे, त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला.

त्या खोलीत आम्ही अकरा वर्षं गेलो, पण कधी मालक म्हणून नाही. तिथली लिफ्ट यांच्या हाताखाली होती, आणि चाळिसावा आठवडा तेव्हा एका दातांच्या डॉक्टरांचा होता. त्यांना स्वतःला सुट्टीचा कंटाळा. एकदा लिफ्टमध्ये दोन तास अडकले, यांनी बाहेर काढलं, तेव्हापासून दरवर्षी चिठ्ठी लिहून द्यायचे, "माझे पाहुणे, तीन." खाली टेबलापाशी बसलेला माणूस ती चिठ्ठी वाचायचा आणि मालकांना देतात ते निळं कार्ड न देता आम्हाला पिवळं द्यायचा. पिवळ्या कार्डावर नाव नसायचं, नुसतं "पाहुणा". ते गळ्यात अडकवून आम्ही तिघं वर जायचो. हे लिफ्टमध्ये डोळे मिटून ऐकायचे. "दुसऱ्या मजल्यावर कुरकुरतेय," असं म्हणून लगेच खाली जायला निघायचे, मग मी हात धरून ओढायची. आतल्या खोलीत आम्ही दोघं, बाहेरच्या खोलीत उलगडणाऱ्या सोफ्यावर वन्सं. सोफ्याच्या मधोमध एक लोखंडी दांडा पाठीला लागायचा, वन्संनी त्याचं नाव "जावईबापू" ठेवलं होतं. "रात्री जावईबापू फार रुसले होते," त्या सकाळी सांगायच्या, आणि त्यांना नवराच नाही तर जावई कुठून, हे त्यांच्याआधी कोणी म्हणायचं धाडस करायचं नाही. त्याच म्हणायच्या. दर वर्षी एका सकाळी नाश्ता फुकट असायचा आणि त्याच्या बदल्यात टाय बांधलेल्या माणसाचं आठवडे विकायचं भाषण ऐकावं लागायचं. सगळे लोक पाव खिशात घालून सटकायचे. हे मात्र पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकायचे, प्रश्न विचारायचे, आणि शेवटी गंभीरपणे म्हणायचे, "विचार करून सांगतो." अकरा वर्षं. टायवाले बदलले, यांचं उत्तर तेच. मी चिडवायची, "ताकास तूर लागू देत नाही तुम्ही." हे म्हणायचे, "अगं, खरंच विचार करतोय." मग डॉक्टरांनी आठवडा विकला. तो दोन हातांतून फिरत जहाजवाल्याकडे आला, आणि आमच्याकडे विचार राहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आजी, तुमचं एकटीचंच नाव ठेवू या ना. सोपं जाईल." मी खिडकीपाशी होते. खाली रस्त्यावर एक बाई सायकलला हवा भरत होती. भरायची आणि चाक दाबून बघायची, भरायची आणि दाबून बघायची. मी म्हटलं, "नाही. दोन नावं राहतील." आणि वन्संचं नाव सांगितलं. "पहिल्या चौकटीत कोणाचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "त्यांचं." फोन ठेवून वळले तर वन्सं दारात. ऐकलं होतं त्यांनी. त्यांनी कप विसळायला घेतला, जो धुतलेलाच होता. पुष्कळ वेळ विसळत राहिल्या. या घराच्या कागदांवर यांचं आणि माझं नाव आहे. वीज माझ्या नावाने येते. दारावरच्या पाटीवर यांचं आडनाव, जे वन्संचंही आहे, त्यामुळे कोणाला कधी काही खटकलं नाही, मलाही नाही. वन्सं पाणीपुरवठा खात्यात नकाशांच्या प्रती काढायच्या. पारदर्शक कागद पसरून त्यावर शाईच्या पेनाने जमिनीखालचे सगळे नळ, प्रत्येक झडप, प्रत्येक जोड. शहराच्या पोटातलं पाणी त्यांच्या हाताखालून गेलं, पण नकाशाच्या कोपऱ्यात सही साहेबाची. "वहिनी," कप पालथा घालून त्या शेवटी म्हणाल्या, "मला सही घोटावी लागेल गं."

चार दिवस त्यांनी सही घोटली. सकाळी दहाला ऊन टेबलावर तिरपं येतं तेव्हा बसायच्या, मान डावीकडे कलती करून, जणू कागद त्यांना काहीतरी कुजबुजून सांगतो आहे. जिथे टोक टेकवायचं तिथे बघितलं की जागा नाहीशी व्हायची, म्हणून बाजूला बघायचं आणि हाताने मधे लिहायचं. मी म्हटलं, "अंगठा चालतो वन्सं, मी विचारलंय." त्यांनी माझ्या कानाकडे असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही. सहा ठिकाणी सह्या हव्या होत्या. पाच ओळीवर आल्या, सहावी थोडी वर उडाली. मी माझी जुनी खिडकीवरची नजर लावून बघितलं. मी त्या खिडकीत असते तर ती सहावी परत पाठवली असती. मी पाकीट बंद केलं आणि स्वतः नेऊन दिलं.

मग तीस दिवस. वाट बघणं मला नवीन नव्हतं, पण आजवर मी ते खिडकीच्या आतल्या बाजूने बघितलं होतं. आतून ते फार सोपं दिसतं. माणसं उभी असतात, वजन या पायावरून त्या पायावर टाकतात, कागदाने वारा घेतात, आणि आपण "उद्या या" म्हणतो तेव्हा त्यांचा सुस्कारा आपण कागद लावता लावता ऐकतो, तोंड बघत नाही. आता मी रोज सकाळी उठले की आधी ते तोंड आरशात बघत होते. कुठल्याशा खोलीत, मी कधी न बघितलेल्या टेबलावर, आमचे कागद पडले असतील आणि कोणीतरी ठरवत असेल. की ठरवतही नसेल? माझ्यासारखीच एखादी असेल, तीस दिवसांचं काम एकोणतिसाव्या दिवशी उचलणारी. दुपारी काम आटपलं की आम्ही दोघी बसायचो आणि खोली आठवायचो. तो खेळच झाला. वन्सं म्हणायच्या, गच्चीचा दरवाजा आतल्या बाजूला उघडतो. मी म्हणायची, बाहेरच्या. वन्संना स्वयंपाकघरातल्या चमच्यांची यादी पाठ होती, कारण जाताना भांडी मोजून द्यायचं काम त्यांच्याकडे असायचं. सहा मोठे, सहा छोटे, एक चिमटा, एक गाळणी. मला तळ्याचा रंग आठवायचा, पण तो रंग सांगता यायचा नाही. "राखाडी," मी म्हणायची. "पण राखाडी म्हटलं की मेलेलं वाटतं. तसं नाही." वन्सं म्हणायच्या, "धुतलेल्या शिशाच्या पेन्सिलीसारखं." आणि मग मला दिसायचं.

पण रोज बोलता बोलता आम्ही एका वर्षाला वळसा घालून जायचो, मला तरी तसं वाटायचं. तिथे जायला लागल्याचं चौथं वर्ष. आम्हाला मूल झालं नाही. घरात सदा तिघं, सुट्टीतही तिघं. त्या वर्षी मी यांना म्हणाले, एकदा, फक्त एकदा, दोघंच जाऊ या. हे पुष्कळ वेळ पायातले मोजे हातात घेऊन बसले. आमच्या घराच्या भिंती म्हणजे पुठ्ठ्याच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं पावाला लोणी लावता लावता म्हणाल्या, "मला नाही जमणार हं यंदा. नव्या टाकीचे नकाशे आलेत, रजा नाही." आम्ही दोघं गेलो. तिसऱ्या दिवशी हे खालच्या दुकानातून तीन पाव घेऊन आले. सोफा घडी घातलेलाच राहिला. संध्याकाळी पत्ते काढले तर आम्हाला येणारा खेळ तिघांचा. मी तिसऱ्याचे पत्ते उलटे मांडून खेळायचा प्रयत्न केला आणि हे म्हणाले, "ती असती तर आत्ता राणी टाकली असती." मी पत्ते गोळा केले. परत आल्यावर महिन्याभराने वन्संच्या ऑफिसातली एक बाई मला रस्त्यात भेटली आणि सहज बोलता बोलता म्हणाली की त्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसला रंग देत होते, सगळ्यांना सुट्टी होती. रस्त्यात उभ्या उभ्या माझ्या हातातली पिशवी जड झाली. ती मी पंचवीस वर्षं खाली ठेवली नाही. हा आठवडा मी विकत घेत होते तो काही तळ्यासाठी नाही, हे मला त्या तीस दिवसांत हळूहळू कळत गेलं. वन्सं म्हणजे माझ्या खिडकीवरून परत पाठवलेलं माणूस. त्यांना मला रांगेच्या पुढे आणायचं होतं, त्यांना दिसतंय तोवर.

सव्विसाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. आपला हक्क सोडत आहोत. मी ते मोठ्यांदा वाचलं, वन्संनी टाळी वाजवली, आणि मी कॅलेंडर काढून दिवस मोजायला लागले. खरेदीखत, नोंदणी, वहीत नाव. कसेही मोजले तरी चाळिसावा आठवडा आधी येत होता आणि आमची नावं नंतर. जवळजवळ तीन आठवडे नंतर. माझ्या ओळीने गेलेला तोच महिना. मी तसंच जहाजवाल्याला फोन करून सांगितलं. तो ओरडला, "अहो ताई, त्यात काय! वहीत यंदा माझंच नाव आहे ना? मी चिठ्ठी देतो, माझे पाहुणे म्हणून जा! खोली तीच, तळं तेच!" माझा जीव भांड्यात पडला. मी धावत, म्हणजे मला जमेल तेवढं धावत, आतल्या खोलीत गेले. वन्सं पलंगावर बसून मोज्यांच्या घड्या घालत होत्या, हातांनी चाचपून जोड्या लावत. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान माणूस आहे." आणि घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मी नाही येत."

"का?"

"चिठ्ठीवर नाही येत. पाहुणी म्हणून अकरा वेळा जाऊन आले, दहा म्हण. आता जाईन तर नावाने. पुढच्या वर्षी."

मला राग आला. इतक्या वर्षांत मी वन्संवर कधी आवाज चढवला नव्हता. "पुढच्या वर्षी तुम्हाला दिसणार नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी काय सांगितलंय ठाऊक आहे ना? मग काय उपयोग त्या नावाचा? आधीच माझ्यामुळे महिना गेला."

"दिसणार नाही तर तू सांगशील. नाहीतरी तुला राखाडीच्या पुढे काही सांगता येत नाही, तेवढीच सवय होईल."

"थट्टा नको, वन्सं."

"थट्टा नाही गं." त्यांनी एक मोजा हातावर चढवला, टाचेला भोक पडलंय का ते बोटाने बघितलं. आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळं बोलले. ते चौथं वर्ष, मीच म्हटलेलं, तीन पाव, पत्ते, ऑफिसला रंग देत होते हे मला कळलेलं, सगळं. बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. मी कानाकडे बघत होते. बोलून झालं आणि वन्संचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत. हसत होत्या.

"पंचवीस वर्षं? वहिनी, पंचवीस वर्षं तू हे घेऊन बसलीस? मला विचारायचंस तरी! अगं, तुम्ही गेलात त्या दिवशी मी काय केलं माहीत आहे? घरातली सगळी दारं उघडी टाकली. न्हाणीघराचंसुद्धा. दार उघडं ठेवून आंघोळ केली आणि मोठ्यांदा गायले. तुमच्या पलंगावर आडवी झोपले, अशी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. दुपारी चारला जेवले. बाहेरची मोठी खुर्ची ओढत खिडकीपाशी नेली, सात दिवस तिथेच ठेवली. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी परत जागेवर सरकवली, जमिनीवर ओरखडे उठले ते मेणाने घासून काढले. तेवढा चांगला आठवडा मला परत कधी मिळाला नाही."

मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. हायसं वाटलं आणि त्याच वेळी कोणीतरी कानशिलात दिल्यासारखं झालं. "म्हणजे एरवी," मी म्हटलं, "एरवी आमच्या घरात तुम्ही पाहुण्या होतात?"

"तुम्ही दोघांनी कधी तसं वाटू दिलं नाहीत हो." त्या माझा हात शोधत होत्या, तो त्यांच्या नजरेच्या पुसलेल्या तुकड्यात होता. मी पुढे केला. "पण वाटू द्यायचं नाही म्हणून जपावं लागत होतं ना तुम्हाला? दादा पंखा लावायच्या आधी मला विचारायचा. तू खिडकी बंद करायच्या आधी. मला सगळं कळायचं. वाईट नाही म्हणत मी. छानच होतं. पण घरात कोणी विचारतं का एकमेकांना?"

मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघींनी मिळून राहिलेल्या मोज्यांच्या जोड्या लावल्या. दोन मोज्यांचा मेळ बसेना, तेव्हा वन्संनी एक काळा आणि एक तपकिरी मोजा घेऊन त्यांची गुंडाळी केली आणि कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी जहाजवाल्याला फोन केला. तो गोंधळला. "पण ताई, बाईंचे डोळे..." मी म्हटलं, "त्यांनीच ठरवलंय." फोनवर पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "माझी बायकोही अशीच आहे," तो म्हणाला. "बरं. मग यंदा खोली रिकामी राहील." मी म्हटलं, "राहू दे."

चाळिसावा आठवडा आला. मंगळवारी वारा सुटला, शुक्रवारी विजेचं बिल आलं. मी रोज एकदा मनातल्या मनात त्या खोलीत जाऊन यायची. बंद पडदे, घडी घातलेला सोफा, सहा मोठे सहा छोटे. एका दुपारी मी भाजी आणायला गेले आणि परत आले तर बाहेरची मोठी खुर्ची खिडकीपाशी होती आणि वन्सं तिच्यात डोळे मिटून, पाय पसरून. मी चपला हातात घेऊन आत गेले. ती खुर्ची आता तिथेच असते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येते.

कंपनीचं जाड पाकीट आलं तेव्हा थंडी पडली होती. तोपर्यंत वन्संना फक्त डाव्या अंगाचं दिसत होतं, तेही सकाळच्या उन्हात आणि वस्तू अगदी जवळ धरली तर. पाकिटात एक पत्र होतं आणि एक निळं कार्ड, त्यावर मालकांची नावं ठसठशीत छापलेली. मी वाचायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "थांब. मला दे." खुर्चीत बसल्या, कार्ड डाव्या कानाशी नेलं, भिंग लावलं, आणि भिंतीकडे बघत वाचायला लागल्या. एकेक अक्षर. मधेच एखादं निसटायचं, मग कार्ड केसभर मागे, केसभर पुढे. त्यांनी स्वतःचं नाव पूर्ण वाचलं, आडनावापर्यंत. मला वाटलं आता थांबतील. मी कार्ड घ्यायला हात पुढे केला. पण त्यांनी ते खालच्या ओळीवर सरकवलं आणि पुन्हा एकेक अक्षर लावायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या अक्षराला माझ्या लक्षात आलं की त्या माझं नाव घेतायत. माझं नाव. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांना मी वहिनी. यांना मी अगं. खिडकीवर मॅडम, जिन्यात काकू, आता फोनवर आजी. माझं नाव घेणारी माणसं एकेक करून गेली, शेवटची माझी आई, तिला जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत वन्संच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकत होते, तुटक, अक्षर अक्षर जोडलेलं, जणू त्याच ते नव्याने तयार करत होत्या.

"बरोबर वाचलं ना?" भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं.

"परत वाचा," मी म्हटलं.

"का? चुकलं का काही?"

"नाही. परत वाचा."